परदेशातून नागपुरात राहायला आलात? सण, जेवण आणि जुन्या शहराबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर जुन्या नागपुरातल्या महाल या भागात आहे. मागच्या अंगाच्या दोन खोल्या आम्ही बरीच वर्षं भाड्यानं देतो, आणि तिथे राहायला येणाऱ्यांत परदेशातून आलेले बरेच असतात. कुणी मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या उद्योगवसाहतीत, नोकरीला आलेलं, कुणी संशोधनासाठी. कुणाचे आईवडील मराठी पण जन्म आणि शाळा कॅनडात, कुणाची बायको जर्मन, कुणी तीस वर्षं दुबईत काढून परत आलेले आणि मूळचे पुण्याचे, म्हणजे नागपूर त्यांनाही परदेशासारखंच. प्रश्न मात्र सगळ्यांचे तेच. दर वेळी चहा पिता पिता जी उत्तरं देते, ती इथे लिहून ठेवली आहेत.

सुरुवात कुठून करायची? सण येईपर्यंत थांबायचं का?

थांबू नका. साध्या दिवसापासून सुरुवात करा. जुन्या नागपुरात सणाच्या दिवशी गर्दीत कुणीही शिरू शकतं, पण घरात कुणी बोलावत नाही, कारण ओळख नसते. तीच गल्ली तुम्ही चार-सहा वेळा विनाकारण चाललात, एकाच दुकानातून किराणा घेतलात, एकाच ठेल्यावर पोहे खाल्लेत, की पाचव्या वेळी समोरचा माणूस विचारतो, “नवीन आले का भाऊ इकडे?” तिथून पुढचं सगळं आपोआप होतं. माझ्याकडे राहिलेल्यांत ज्यांनी हे केलं त्यांना पहिल्याच वर्षी महालक्ष्म्यांच्या (पुण्याकडच्या गौरींच्या) जेवणाची तीन-तीन बोलावणी आली. ज्यांनी फक्त सणांची यादी करून फोटो काढले, त्यांच्याकडे फोटो छान आहेत.

‘जुनं नागपूर’ म्हणजे नेमका कुठला भाग?

महाल, इतवारी, गांधीबाग, बुधवारी, शुक्रवारी, मस्कासाथ, टिमकी, मोमिनपुरा हा सगळा पट्टा. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं १७०२ मध्ये बारा पाडे एकत्र करून हे शहर वसवलं. त्याच्यानंतर चांद सुलताननं तटबंदी घातली आणि जुम्मा तलाव बांधला. शुक्रवारी तलाव आणि गांधीसागर ही त्याचीच नावं. तटबंदी गेली, पण जुम्मा दरवाजा अजून उभा आहे. आता त्याला गांधी गेट म्हणतात आणि त्याच्याखालून स्कूटर, ऑटो, हातगाड्या दिवसभर जात असतात. पुढे भोसले आले आणि महालात त्यांचा वाडा झाला, म्हणून हा ‘महाल’. १८५४ मध्ये डलहौसीनं राज्य खालसा केलं, पण भोसल्यांच्या काळाचे सण अजून इथे चालू आहेत. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

पेठांची नावं बाजाराच्या वारावरून पडली. इतवारी रविवारची, तशीच बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी. आणि इथे गल्लीला ‘ओळ’ म्हणतात. एका व्यवसायाची दुकानं एका रांगेत, ती त्यांची ओळ. मूर्ती घडवणाऱ्यांची ती चितार ओळ. हा शब्द लक्षात ठेवला की पत्ता विचारणं सोपं जातं.

पायी फिरायचं तर कुठून कुठे?

बर्डीवरून (सीताबर्डीला इथे सगळे बर्डीच म्हणतात) प्रजापती नगरकडे जाणाऱ्या मेट्रोत बसा आणि चितार ओळी चौकात उतरा. सकाळी आठच्या आत. आषाढ-श्रावणात गेलात तर गणपतीच्या मूर्ती घडताना दिसतील. बांबू आणि तणसाचा सांगाडा, त्यावर मातीचा पहिला जाड थर, मग बारीक गाळलेल्या मातीचा हात. डोळे सगळ्यात शेवटी. तिथे उभं राहायला कुणी मनाई करत नाही, पण कारागीर डोळे रंगवत असेल तर बोलू नका. भाद्रपद सरला की त्याच ओळीत देवीच्या मूर्ती उभ्या राहतात.

तिथून बडकस चौकाकडे या, पुढे महालात शिरा, कल्याणेश्वराचं मंदिर पाहा, वाड्याच्या आजूबाजूच्या गल्ल्या हिंडा आणि गांधी गेटमधून तलावावर बाहेर पडा. वाटेत लाकडी खांबांचे, कोरीव तुळयांचे वाडे दिसतील. दर वर्षी त्यातले काही पडतात आणि तिथे चार मजली इमारत येते. आमच्या शेजारचा वाडा गेला तेव्हा त्याच्या दाराची चौकट कुणी नेली, आम्हाला कळलंही नाही. म्हणून म्हणते, पुढच्या वर्षीवर टाकू नका. वाड्यात लोक राहतात हे लक्षात ठेवून दारातून हाक मारा. “काकू, आत येऊन बघू का?” एवढं विचारलं तर शंभरातल्या नव्वद घरांत पाणी विचारल्याशिवाय सोडणार नाहीत.

सीताबर्डीचा किल्ला बघायचा असेल तर दिवस पाहून जा. तो लष्कराच्या ताब्यात आहे आणि २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशी लोकांसाठी उघडतात. १८१७ च्या नोव्हेंबरात अप्पासाहेब भोसल्यांची इंग्रजांशी लढाई झाली ती या टेकडीवर. खाली टेकडीच्या गणपतीचं दर्शन मात्र रोज होतं.

मारबत म्हणजे काय? सगळे म्हणतात, ते बघाच.

बघाच. हे दुसरीकडे कुठे दिसणार नाही.

श्रावणी अमावस्येला पोळा, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाडव्याला, मारबतीची मिरवणूक. ऑगस्ट अखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला येते, पण तारीख दर वर्षी पंचांगात पाहून घ्या. मारबती दोन, काळी आणि पिवळी. बांबू, कागद, कापड यांच्या या प्रचंड स्त्री-प्रतिमा. काळी १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. पिवळी तऱ्हाणे तेली समाजाची, जागनाथ बुधवारीतून निघते. काळी इतवारीतली. काळ्या मारबतीची गोष्ट लोक बांकाबाईशी जोडतात. भोसल्यांच्या घराण्यातल्या या राणीनं इंग्रजांशी संधान बांधलं, त्याचा राग म्हणून ही मारबत, असं सांगतात. पिवळी संरक्षण करणारी. मिरवणुकीआधी तिच्यापुढे बायका ओटी भरतात, लहान लेकरांना आणून पायाशी ठेवतात.

दोघी नेहरू पुतळ्याच्या चौकात भेटतात. तो क्षण मला दर वर्षी तसाच वाटतो. पिवळी लांबून डुलत येताना दिसते, विजेच्या तारा बांबूनं वर उचलून तिला वाट करून देतात, समोरून काळी येते, ढोलताशे दोन्हीकडचे एकमेकांत मिसळतात आणि हजारो माणसं एका आवाजात ओरडतात, “ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!” शेवटच्या ‘बत’वर आवाज असा आपटतो की बाल्कनीच्या कठड्याला हात लावला तर तो थरथरतो. सोबत बडगे असतात. हे त्या वर्षीच्या रागाचे पुतळे. महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, एखादी गाजलेली बातमी, जे वर्षभर लोकांच्या डोक्यात असेल ते बडग्यावर चढतं. गळ्यात पाटी लटकवतात आणि पाटीवरची भाषा अगदी आमची नागपुरी. मग मिरवणूक संपली की सगळं जाळून टाकतात.

करोनाच्या वर्षांनंतर मिरवणूक पुन्हा निघाली तेव्हा ‘रोगराई घेऊन जा’ म्हणताना माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. माझ्याही.

त्या गर्दीत लहान मुलांना न्यावं का?

रस्त्यावर नको. इतवारीचे रस्ते अरुंद आहेत आणि गर्दी पुढून-मागून दोन्हीकडून दाबते. आमच्याकडे राहणारा एक जण पहिल्या वर्षी चौकाच्या अगदी मधोमध जाऊन उभा राहिला. एक बूट गेला, चष्मा गेला, कोपर सोलून आलं. ओळखीच्या कुणाची गॅलरी असेल तर तिथून बघा, आणि सकाळी लवकर जाऊन बसा, कारण नंतर त्या घरापर्यंत पोचताच येत नाही. मुलांना मारबत आदल्या दिवशी दाखवा. दोन्ही तयार होऊन आपापल्या जागी उभ्या असतात आणि जवळ जाता येतं.

शिवाय मुलांचा स्वतःचा सण मारबतीच्याच दिवशी संध्याकाळी असतो, तान्हा पोळा. लाकडाचा बैल, खाली चार चाकं, अंगावर झूल, गळ्यात घुंगरू. पोळ्याच्या आधी बाजारात बोटाएवढ्यापासून माणसाएवढ्यापर्यंत बैल मिळतात. मुलांना धोतर-फेटा, शंकर, कृष्ण असं काहीही सजवतात, मैदानात तोरणाखाली बैल ओळीनं उभे करतात, पूजा झाली, तोरण तुटलं की मुलं बैल ओढत घरोघर जातात आणि प्रत्येक घरी त्यांना ‘बोजारा’ मिळतो. बोजारा म्हणजे बैलाच्या नावानं हातावर ठेवलेले पैसे किंवा खाऊ. तुमच्या दारी मुलं आली तर दहा-वीसच्या नोटा सुट्या करून ठेवा. तुमचं मूल असेल तर त्याला बैल घेऊन द्या आणि वस्तीतल्या मुलांबरोबर पाठवून द्या. भाषा आली नाही तरी बैल ओढता येतो.

गणपती विसर्जन झालं, आणि पितृपक्षात पुन्हा गणपती बसलेला दिसला. हे काय आहे?

तो हाडपक्या गणपती. पितृपक्षाला आमच्याकडे हाडपक म्हणतात. भोसल्यांचं सैन्य बंगालच्या मोहिमेवरून परत येईपर्यंत घरचे गणपती उठून गेले होते, म्हणून विजयाचा आनंद करायला पितृपक्षातल्या संकष्टीला पुन्हा गणपती बसवला, अशी त्यामागची गोष्ट सांगतात. त्याला मस्कऱ्या गणपतीही म्हणतात, कारण त्या दिवसांत नकला, सोंगं, गाणी असायची. राजवाड्यातला तो गणपती आजही बसतो आणि शहरात इतर ठिकाणीही बसवतात. भाद्रपद शुद्ध पक्षातली गर्दी नसते, शांतपणे बघता येतो. पुण्या-मुंबईकडच्या माणसांना पितृपक्षात गणपती हे पटायला जरा वेळ लागतो.

शेजारच्या काकूंनी महालक्ष्म्यांच्या जेवणाला बोलावलं आहे. काय न्यायचं, कसं वागायचं?

पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्या विदर्भात महालक्ष्म्या. जेष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी, आणि बऱ्याच घरांत त्यांची बाळंही. पहिल्या दिवशी येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. वर्षभरात घरचं सगळ्यात मोठं काम हे. मुखवटे पिढ्यान्‌पिढ्यांचे असतात. वर फुलोरा टांगतात, म्हणजे करंज्या, पापड्या, वेणी-फणीच्या आकाराचे तळलेले पदार्थ दोऱ्यानं बांधून.

जेवणात पुरणपोळी, सोळा भाज्या एकत्र केलेली भाजी, कढी, पंचामृत, भजी, वडे, आणि ज्वारीच्या पिठाची आंबील. आंबील आंबूस, पातळ, नुसती प्यायली तर परक्या जिभेला विचित्र लागेल. पण पुरणाच्या जड जेवणानंतर तीच पोटाला सांभाळते.

नारळ आणि थोडी फुलं न्या. बाई असाल तर खण नेलात तर उत्तम. स्वयंपाक बहुतेक घरांत सोवळ्यात होतो, तेव्हा मदतीच्या भरात स्वयंपाकघरात शिरू नका. बाहेर पानं मांडायला, पाणी वाढायला हात लावा, ते सगळ्यांना आवडतं. जेवायला उशीर होतो. नैवेद्य झाल्याशिवाय पान वाढत नाहीत, रात्रीचे दहाही वाजतात, म्हणून संध्याकाळी काही खाऊन जा. वाढणारी आग्रह करते. पहिल्या वाढीत सगळं थोडं-थोडंच घ्या म्हणजे पुढच्या आग्रहाला जागा राहील. पुरणपोळीवर तूप नको म्हणायचं नाही. दुधाचं चालत नसेल, शेंगदाण्याचं वावडं असेल तर दोन दिवस आधी काकूंना सांगा. त्या वेगळं काढून ठेवतील आणि त्यात त्यांना काहीही जड वाटणार नाही.

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिला मैत्रिणी मिळतील असा काही सण?

भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेला बसतात, आश्विनातल्या पौर्णिमेपर्यंत असतात. भुलाबाई म्हणजे पार्वती, भुलोबा म्हणजे शंकर, मांडीवर गणपती. मातीची लहानशी मूर्ती. मुली रोज संध्याकाळी एकेकीच्या घरी जमून टिपऱ्या नाहीतर टाळ्यांवर गाणी म्हणतात. गाणी सासर-माहेराची, साधी, दोन दिवसांत पाठ होतात. शेवटी खिरापत. ज्या घरची ती डबा झाकून आणते आणि बाकीच्यांनी ओळखायचं, “गोड की तिखट? गोल की लांब?” ओळखलं की वाटप.

आमच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबातल्या मुलीनं एक वर्ष तिच्या आजीच्या कृतीची दालचिनीची बिस्किटं खिरापत म्हणून नेली. कुणालाही ओळखता आली नाहीत. ती आनंदानं नाचत घरी आली होती. आता हा सण कमी घरांत होतो, पण शाळांतून आणि महिला मंडळांतून टिकून आहे. चौकशी करा.

दसऱ्याला नागपुरात इतकी गर्दी का असते? आम्ही दीक्षाभूमीला जाऊ शकतो का?

१४ ऑक्टोबर १९५६, त्या वर्षीचा दसरा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दर दसऱ्याला देशभरातून लोक येतात. रेल्वेनं, ट्रकनं, आणि स्टेशनपासून चालत, डोक्यावर गाठोडं, कडेवर मूल, पांढरी साडी. शहरातली घरं, दुकानं, संस्था रस्त्याकडेला जेवण आणि पाणी वाटतात. जाऊ शकता, जा.

मी तुम्हाला पुस्तकांच्या स्टॉलांपाशी उभं राहायला सांगेन. यात्रा म्हटली की खेळणी, मिठाई असते. इथे माणसं पुस्तकांसाठी रांगा लावतात. एका वर्षी शेतमजूर दिसणारे एक आजोबा पदरच्या पैशांचे तीन भाग करत होते, एक परतीच्या तिकिटाचा, एक जेवणाचा, एक पुस्तकांचा. जेवणाचा भाग त्यांनी पुस्तकांच्या भागात घातला, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

स्तूपाचं उद्घाटन २००१ मध्ये झालं. आत बाबासाहेबांच्या अस्थी आहेत. चपला बाहेर, आवाज हळू, आणि लोक वंदन करत असताना त्यांच्या तोंडासमोर मोबाइल धरायचा नाही. कुणी ‘जय भीम’ म्हटलं तर ‘जय भीम’ म्हणा. स्तूप शांतपणे बघायचा असेल तर दुसऱ्या एखाद्या आठवड्यात सकाळी पुन्हा या.

त्याच संध्याकाळी गल्लीत आपट्याची पानं घेऊन लोक येतात, “सोनं घ्या, सोन्यासारखे राहा.” पान घ्यायचं, आपलं द्यायचं, मोठ्यांच्या पाया पडायचं. तोंड गोड करायला घरात काहीतरी ठेवा.

सावजी जेवण खरंच इतकं तिखट असतं का?

असतं. पण तिखटपणासाठी ते केलेलं नसतं. सावजी म्हणजे हलबा कोष्टी, विणकर समाज. दिवसभर मागावर बसणाऱ्या माणसांचं हे जेवण, आधी घरात, मग भोजनालयांत आलं. भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, धणे, मिरे, लवंग, दगडफूल असं वाटून केलेला काळपट रस्सा, वर तेलाचा थर. पूर्वी जवसाचं तेल असायचं. मटण, चिकन, खूर, कलेजी, आणि सोबत पोळी किंवा ज्वारीची भाकर.

पहिल्यांदा जाताना दुपारी जा, रात्री नको. रस्सा वेगळ्या वाटीत मागा. भाकरीचा तुकडा त्यात टेकवून खा, वाटी तोंडाला लावू नका. वर तरंगणारं तेल चमच्यानं बाजूला केलं तर निम्मा जाळ जातो. पाणी पिऊन काही होत नाही, कांदा-लिंबू आणि भात मदत करतात. बाहेरगावी ‘नागपुरी सावजी’ची पाटी लावलेल्या एका हॉटेलात मी जेवले आहे. तिथे फक्त लाल तिखट होतं, मसाल्याचा वास शून्य. इथल्या गोळीबार चौकाकडच्या, टिमकीकडच्या जुन्या छोट्या भोजनालयात जेवून मग मत बनवा.

आम्ही शाकाहारी आहोत. मग?

तुमच्यासाठी तर नागपूर मोठं आहे. सावजीतच पाटोडी रस्सा मिळतो, बेसनाच्या वड्या त्याच मसाल्याच्या रश्श्यात. वडाभात आहे, डाळींचे जाडसर वाटलेले वडे गरम भातावर कुस्करायचे आणि वरून हिंग-मोहरी-लाल मिरचीच्या फोडणीचं तेल. गोळाभातात चणाडाळीच्या भरड्याचे गोळे भाताबरोबरच वाफवतात. हिवाळ्यात ओल्या तुरीचे दाणे येतात, त्यांना आम्ही सोले म्हणतो. सोलेभात आणि वांगं-सोले डिसेंबर-जानेवारीत खाल्ले नाहीत तर वर्ष वाया. शेतावर कुणी बोलावलं तर गोवऱ्यांत भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी, हो म्हणून टाका.

आणि सांबारवडी, म्हणजेच पुडाची वडी. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे आधी पक्कं करा. हिवाळ्यात जुड्या स्वस्त झाल्या की आमच्याकडे एक दिवस हाच कार्यक्रम असतो. कोथिंबीर धुऊन, कापडावर पसरून पूर्ण कोरडी करायची, घाई केली तर वडी फुटते. बारीक चिरून त्यात सुकं खोबरं, खसखस, तीळ, मिरची, मीठ. बेसन आणि मैद्याच्या घट्ट पिठाची पातळ पोळी लाटायची, तिला चिंच-गुळाच्या पाण्यात कालवलेला मसाला बोटांनी चोपडायचा, मधोमध सारण ठेवून किराणा दुकानातल्या पुडीसारखी घडी घालायची, कडा पाण्यानं दाबायच्या. मंद आचेवर तळायची. तेलात टाकल्यावर पहिलं मिनिटभर काहीच होत नाही, मग कडांना बारीक फोड येतात आणि रंग फिरतो. तेव्हाच उलटायची. सोबत ताकाची गरम कढी. आमच्या जर्मन भाडेकरूनं पहिल्या दिवशी सात वड्या केल्या, पाच फुटल्या. पुढच्या हिवाळ्यात तीच आम्हाला घड्या घालून देत होती.

तर्री पोहे कुठे खायचे?

ठेल्यावर, सकाळी, उभ्यानं. कस्तुरचंद पार्कचा भाग त्यासाठी प्रसिद्ध आहे, पण प्रत्येक वस्तीचा आपला एक ठेला असतो आणि तोच तुमचा होऊ द्या. साधे पोहे, त्यावर काळ्या चण्यांची झणझणीत तर्री, वर कच्चा कांदा, शेव किंवा चिवडा. “तर्री कमी” म्हटलं तर चालतं. दुसऱ्यांदा तर्री मागितली तर पैसे मागत नाहीत.

लंबी रोटीही एकदा बनताना बघा. खूप सैल, जवळजवळ वाहणारी कणीक बाई हातावर आपटत, लांबवत नेते आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर पसरते. कोपरापर्यंत हात वापरावा लागतो.

संत्री कधी घ्यायची?

दोन बहार असतात. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. मृगाची जास्त गोड. सालीचा गुळगुळीतपणा बघू नका, सैल साल आणि हाताला लागणारं वजन बघा. संत्रा बर्फी परत जाताना नेण्यासाठी ठीक आहे. खरं खायचं ते फळ.

मला मराठी येतं, तरी इथलं बोलणं कळत नाही.

कळेल, महिनाभरात. “काय करून राहिले?” म्हणजे काय करताय. “काऊन?” म्हणजे का. पोट्टे म्हणजे मुलं, आलू म्हणजे बटाटा, फल्ली म्हणजे शेंगदाणे, टोंगळा म्हणजे गुडघा. भाजीवाल्याला ‘कोथिंबीर’ म्हटलं तरी तो देईल, ‘सांबार’ म्हटलं तर चिमूटभर जास्त देईल. बाजारात हिंदी-मराठी एकाच वाक्यात चालतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. ‘अबे’ मित्रांत ठीक, मोठ्यांशी कधीच नाही. अनोळखी माणसाला भाऊ किंवा दादा, बाईंना ताई किंवा काकू.

पुस्तकी मराठी बोलता म्हणून लाजू नका, आणि आमच्या बोलीची नक्कलही करू नका. ऐकत राहा, ती आपोआप जिभेवर येते.

संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवायचा आहे.

उडवा, “ओऽऽ काट!” ओरडा, तिळगूळ खा. फक्त नायलॉनचा मांजा घेऊ नका. त्यावर बंदी आहे, तरी कुठे ना कुठे लपून विकतात. पक्षी कापले जातात, दुचाकीवरच्या माणसांचे गळे कापले गेले आहेत. सुती मांजाच मागा. त्या आठवड्यात स्कूटरवर गळ्याला मफलर गुंडाळून निघा.

रंगाबद्दलही लोक विचारतात. नागपुरात रंग धुळवडीला, होळीच्या दुसऱ्या दिवशी खेळतात. रंगपंचमीची वाट बघत बसू नका.

उन्हाळ्यात काय करायचं? मे महिन्यात तर बाहेर पडणं अशक्य आहे.

पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा दुपारी बारा ते पाच बाहेर पडू नये हेच खरं. जुनी वस्ती सकाळी सहाला आणि रात्री नऊनंतर जागी असते. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या ओल्या ठेवा, कैरीचं पन्हं करून ठेवा, कांदा जेवणात घ्या. रमजान उन्हाळ्यात आला तर मोमिनपुऱ्याच्या रस्त्यावर इफ्तारनंतर जा, रात्रभर चुली पेटलेल्या असतात. रामनवमीला पोद्दारेश्वर राम मंदिराची शोभायात्रा संध्याकाळी निघते, तीही उन्हं उतरल्यावर बघता येते.

घरी परदेशी पाहुणा किंवा भाडेकरू ठेवायचा तर काही नोंद करावी लागते का?

हो. परदेशी पासपोर्टवर आलेला माणूस घरी राहिला की घरमालकानं चोवीस तासांत ऑनलाइन फॉर्म (पूर्वीचा ‘फॉर्म सी’) भरायचा असतो. दहा मिनिटांचं काम आहे. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती जवळ ठेवा.

आम्ही दोनच वर्षं इथे आहोत. एवढ्यात कुणाच्या घरचं होता येईल का?

आमच्या कोनाड्यात एक लाकडी बैल ठेवलेला आहे, उजवं मागचं चाक तुटलेला. दोन वर्षं राहून परत गेलेल्या एका कुटुंबातल्या मुलाचा तो. जाताना सामानात मावला नाही, म्हणून “आजी, याला सांभाळ” म्हणून ठेवून गेला. दर तान्ह्या पोळ्याला मी त्याला धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, बाकीच्या बैलांत उभा करते आणि फोटो पाठवते. गेल्या वर्षी त्याच्या आईचा फोन आला, तिकडच्या सकाळी. मुलगा आता आवाज फुटलेला, फोनवर पहिलंच वाक्य बोलला ते असं, “आजी, माह्या बैलाचा बोजारा कुठी आहे?”

डब्यात ठेवला आहे. वीस रुपये दर वर्षाचे.